कागदावरची वाटणी

मॅक्सीनने किटली उचलली आणि कप भरला तरी ओतणं थांबवलं नाही. चहा काठावरून बशीत उतरला. बशी निम्मी झाल्यावर तिने किटली खाली ठेवली आणि समोर बसलेल्या अँब्रोज कीपिंगकडे पाहिलं.

"हा कप म्हणजे कमाईचा पहिला टप्पा. तळाशी हे दोन बोटं आहे ना, त्याला ओटावाचं सरकार हातच लावत नाही. ते माणसाला जगायला सोडलेलं. त्याच्यावर कप भरेपर्यंत सरकार लहान घोट घेतं. सांडून बशीत गेलं, त्यातून मोठा घोट. पण बशीतून मोठा घोट घेतला म्हणून सरकार कपाला पुन्हा तोंड लावत नाही. कपातलं कपात, बशीतलं बशीत. समजलं, काका?"

अँब्रोज त्या बशीकडे बराच वेळ बघत राहिला. बोटीची इंजिनं सांभाळण्यात त्याचा जन्म गेला होता, त्यामुळे नळी कुठून निघते आणि कुठे जाते हे स्वतः पाहिल्याशिवाय तो कशावर विश्वास ठेवत नसे.

"म्हणजे गेल्या हिवाळ्यात मी फेरीबोटीवर बदली इंजिनियर म्हणून गेलो असतो..."

"तर घरी जास्तच पैसे आले असते. वरच्या टप्प्यात गेलं की सगळ्यावरच जास्त कापतात, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

अँब्रोजने मान मागे वळवली. भिंतीलगतच्या खुर्च्यांवर आपापल्या पाळीची वाट बघत बसलेल्यांत सेल्बी राइडआउट होता. तो एकदम छताकडे पाहू लागला.

"वाटलंच मला," मॅक्सीन म्हणाली. "सेल्बीकाकांचं ऐकून या गावातल्या निम्म्या लोकांनी जादा काम सोडलंय. त्यांना हवामानाचं विचारा, कोणाचं कुठे जुळलंय ते विचारा. कराचं मला विचारत जा."

मॅक्सीन मासळीच्या कारखान्यात हिशेब बघायची. मार्च महिन्यात दोन-तीन दिवस चर्चच्या हॉलमध्ये टेबल मांडून ती स्कूनर कोव्ह गावातल्या म्हाताऱ्या माणसांचे कराचे कागद फुकट भरून द्यायची. कोणी जॅमची बरणी ठेवून जाई, कोणी सुका कॉड मासा. हाताला चोख आणि तोंडाने फटकळ. हळू आवाज देवाने तिला दिलेलाच नव्हता, त्यामुळे तिच्या टेबलावर बसलेल्या माणसाची कमाई साऱ्या हॉलला कळे. लोक कुरकुरत, पण तिच्याकडेच येत.

लिओना हाइन्स तिसऱ्या खुर्चीवर मोजा विणत बसली होती. ती अँब्रोजच्याच गाडीतून आली होती, पण हॉलमध्ये शिरताना दोघांनी मध्ये पाच-सहा पावलांचं अंतर ठेवलं होतं आणि बसताना एक खुर्ची रिकामी सोडली होती. याला फसणारं गावात कोणी नव्हतं. दोन हिवाळ्यांपूर्वी ऐन वादळात लिओनाच्या घरची, घर तापवायची भट्टी बंद पडली. अँब्रोज दुरुस्तीला गेला आणि एक भाग मागवावा लागेल म्हणाला. तोवर थंडीत कुडकुडण्यापेक्षा माझ्याकडे ये, मागची खोली रिकामीच आहे, असंही म्हणाला. भाग वसंतात आला. तो अजून अँब्रोजच्या पडवीत, खोक्यातच होता. लिओना त्याच घरात असूनही मागची खोली पुन्हा रिकामी झाली होती.

लिओनाला आज एकच गोष्ट राखायची होती. म्हातारपणाच्या पेन्शनवर तिला सरकारची पुरवणी मिळे. कमाई नसलेल्या माणसाला मिळते ती. रक्कम फार नव्हती, पण तिच्या नावावर येत होती. तिचा नवरा क्लॅरेन्स वाईट नव्हता. दारू नाही, हात उगारणं नाही. फक्त पोस्टाच्या तिकिटाला पैसे हवे असले तरी त्याच्यापुढे उभं राहावं लागे. तो पाकीट काढी, "किती?" विचारी, "कशाला?" विचारी, आणि मग सावकाश देई. संसार सरला, तोवर तिने स्वतःचा असा एक डॉलर पाहिला नव्हता. क्लॅरेन्स गेल्यानंतर पुरवणीचा पहिला हप्ता जमा झाला त्या दिवशी ती बँकेत गेली आणि काही न काढता, खात्यात पैसे आहेत एवढं पाहून परत आली. दुसऱ्या दिवशी जाऊन तिने लाल लोकर घेतली. कोणाला न विचारता.

आणि या जानेवारीत रेडिओवर तिने ऐकलं, की बाई आणि पुरुष एका छपराखाली जोडप्यासारखे सलग बारा महिने राहिले, की लग्न नसलं तरी सरकार त्यांना जोडपंच धरतं. मग पुरवणी द्यायची की नाही हे दोघांची कमाई मिळून ठरतं. अँब्रोजला फेरीबोटीची चांगली पेन्शन होती. म्हणजे तिची पुरवणी साफ जाणार. दुधाने तोंड पोळलेली बाई ती, ताकसुद्धा फुंकून पिणार. सकाळी न्याहारीला तिने अँब्रोजला सांगितलं होतं, "विचारलं तर भाडेकरू आहे म्हण."

अँब्रोज तळलेल्या पावावर, टाउटनवर, काकवी ओतत होता. "बरं," म्हणाला होता.

"तर," मॅक्सीनने कॉम्प्युटर जवळ ओढला. "डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी तुमची स्थिती काय? विवाहित, कॉमन-लॉ म्हणजे बिनलग्नाचं जोडपं, विधुर..."

"विधुर."

"घरात कोण कोण?"

"मी." अँब्रोजने टोपी गुडघ्यावर ठेवली. "आणि एक भाडेकरू."

मागे कोणीतरी खोकलं. मॅक्सीनने चष्मा काढला.

"भाडेकरू. बरं. मग भाड्याचं उत्पन्न किती धरू?"

"भाडं?"

"भाडेकरू भाडं देतो, काका. म्हणून तर त्याला भाडेकरू म्हणतात."

"ती पुडिंगमध्ये देते की!" सेल्बी मागून ओरडला. "मनुका घालून!"

हॉल हसला. लिओनाने मान खाली घातली आणि टाके मोजू लागली. टाके चुकले होते. एरवी सेल्बीला तिने असं उत्तर दिलं असतं की तो आठवडाभर तोंड लपवून हिंडला असता. आज तिला गप्प बसणं भाग होतं आणि तेच तिला सोसत नव्हतं.

"हे बघा," मॅक्सीन म्हणाली, "सरकारला पाद्री लागत नाही, अंगठी लागत नाही. एकत्र राहता का, एकमेकांचं बघता का, बारा महिने झाले का, एवढंच विचारतात. शरद ऋतूत लिओनामावशीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा हॉस्पिटलात रात्रभर कोण बसलं होतं?"

"गाडी माझ्याकडे होती."

"गाडी बसली होती का रात्रभर?"

अँब्रोज टोपीची कड चाचपू लागला.

"बरं, तुमच्याच फायद्याचं सांगते. आपल्याकडे कर ज्याचा त्याचा. नवरा वेगळा भरतो, बायको वेगळा. पण पेन्शनीला एक सवलत आहे. जोडपं असाल तर तुमच्या फेरीबोटीच्या पेन्शनचा अर्ध्यापर्यंतचा भाग कागदावर मावशीच्या नावाने दाखवता येतो. तुमचं बशीत सांडलेलं तिच्या कपात जातं. तिचा कप तर जवळजवळ रिकामाच. दोघांनी सह्या करायच्या, झालं. तुमचा इतका कर वाचेल की शेडचं छप्पर नवं होईल."

अँब्रोजच्या शेडचं छप्पर गळत होतं आणि त्यावरून तो रोज शिव्या घालत होता. हे लिओनाइतकं कोणालाच माहीत नव्हतं. तिने सुया थांबवल्या.

"नको," अँब्रोज म्हणाला.

"काय नको?"

"सवलत नको. भाडेकरू आहे म्हटलं ना."

आता हॉलमध्ये कोणी हसलं नाही. मॅक्सीनला राग चढलेला तिच्या मानेवर दिसायचा. मान लाल झाली.

"पैसे सोडाल, पण त्या बाईला बायको म्हणणार नाही? मोजे तिने विणलेले घालता. तिच्या हातचं खाता. आणि चार माणसांत ती भाडेकरू! लाज वाटते का हो तुम्हाला तिची?"

अँब्रोजचे कान पेटल्यासारखे झाले. त्याने टोपी उचलली, उलटी केली, आत काही लिहिलेलं असावं तशी बघितली आणि परत गुडघ्यावर ठेवली. लिओनाची खात्री होती की आता तो मागे वळून पाहणार. तिच्याकडे नुसती एक नजर टाकली असती तरी हॉलला सगळं कळलं असतं. हा डाव कोणाचा, भित्रं कोण, सगळंच.

त्याने मागे पाहिलं नाही. समोरच्या बशीकडे बघत तो बोलणी खात राहिला.

लिओनाने विणकाम पिशवीत कोंबलं आणि उठली. मॅक्सीनच्या टेबलापाशी दुसरी खुर्ची होती ती ओढून अँब्रोजच्या शेजारी बसली. मध्ये जागा सोडली नाही.

"त्याला बोलू नकोस. मी सांगितलं होतं तसं म्हणायला."

"तुम्ही?"

"मी. दोन हिवाळे राहते त्याच्याकडे. आणि भाडेकरू म्हणून नाही. तो तर पहिल्याच वर्षी म्हणत होता, पाद्रीबुवांना विचारू म्हणून. माझी पुरवणी जाईल, म्हणून त्याला आज गप्प बसवला." ती मागे वळली. "ऐकलंत सगळ्यांनी? सेल्बी, तुला पुन्हा सांगू का?"

सेल्बीने दोन्ही हात वर केले.

मॅक्सीनने चष्मा चढवला आणि लिओनाचे कागद पुढे घेतले, कारण चुकलं तर पुढचं काम नीट करायचं, एवढी एकच माफी तिला मागता येत होती. बोटं भराभर चालली.

"जाईल," ती म्हणाली, आणि आज पहिल्यांदा आवाज खाली आणायचा प्रयत्न केला. "सगळी जाईल, मावशी. कर ज्याचा त्याचा असला तरी मदत द्यायची वेळ आली की सरकार दोघांना एका ताटात बघतं. बारा महिने पूर्ण झाले तिथपासूनची परतही मागतील. हप्त्याहप्त्याने देता येईल, ते मी बघते. काकांचा कर वाचेल, पण तुमचं जाईल ते त्याहून जास्त."

"कळलं."

"मी खोटं लिहिणार नाही. तुम्हाला भाडेकरूच राहायचं असेल तर घरी जाऊन तुमचं तुम्ही भरा. मी कोणाला सांगायला जाणार नाही."

"खोटं लिहायला सांगत नाहीये मी तुला."

अँब्रोजने खुर्चीत अंग सैल सोडलं. त्याच्या छातीवरचा दगडच उतरला होता. सहा फुटी माणूस, पण ओझं उतरलं की चेहरा पोरासारखा व्हायचा. तो लिओनाकडे वळला आणि अगदी मनापासून म्हणाला,

"जाऊ दे गं ती पुरवणी. तुला लागेल ते मी देईनच की."

लिओनाने डोळे मिटून उघडले.

"क्लॅरेन्स हेच म्हणाला होता," ती म्हणाली. "लग्नाच्या दिवशी, चर्चच्या पायरीवर."

"आणि दिलं नाही?"

"दिलं ना. मागितलं तेव्हा तेव्हा दिलं."

अँब्रोजचा चेहरा उतरला. आपण काय चुकीचं बोललो हे त्याला कळलं नव्हतं, पण काहीतरी दुखावलं एवढं कळलं होतं. लिओनालाही ते दिसत होतं. त्याच्याइतका सरळ माणूस तिने पाहिला नव्हता. तो मोजून देणार नाही, कशाला म्हणून विचारणारही नाही, हे तिला माहीत होतं. पण त्याच्यापुढे जाऊन उभं तर राहावं लागणारच. या वयात पुन्हा तिला ते नको होतं. जीव लावला म्हणून हात पसरायचा असं थोडंच आहे?

ती मॅक्सीनकडे वळली.

"ते पेन्शन अर्धं करायचं म्हणालीस. ते अर्धं माझ्या हातात येतं का?"

"छे. पैसे जिथल्या तिथे राहतात. कर मोजण्यापुरती वाटणी. नुसतं कागदावर."

"म्हणजे सही माझी, नाव माझं, आणि पैसे त्याच्या खात्यात."

"हो. सगळे असंच करतात."

"सगळे करू देत. मला कागदावर नको."

मॅक्सीनचं बोट कीबोर्डवर तसंच राहिलं. लिओनाने पाठ ताठ केली. आता तिचा आवाज हॉलच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत जात होता आणि जावा असंच तिला वाटत होतं.

"अँब्रोज, नीट ऐक. कागदावर जेवढं माझं दाखवशील तेवढं दर महिन्याला माझ्या खात्यात येईल. आपोआप. मी मागणार नाही आणि तू हातात देणार नाहीस. त्याचं मी काय करते ते विचारायचं नाही. पुरवणीचं जे परत करायचं ते मी त्यातून करीन. भट्टीचं तेल, किराणा, जे काय असेल त्यात माझा निम्मा वाटा राहील. छपराच्या पत्र्यातसुद्धा. हे पटत असेल तर मी सही करते आणि ती म्हणेल तिथे कॉमन-लॉ लिहिते. नसेल पटत तर पडवीतलं ते खोकं उघड आणि माझी भट्टी बसवून दे. रविवारी जेवायला ये, मी रागावणार नाही. पण मग मी माझ्या घरी."

सेल्बीने तोंड उघडलं. मॅक्सीनने त्याच्याकडे नुसतं बोट केलं आणि त्याने ते मिटलं.

इंजिनाला हात लावण्याआधी अँब्रोज असाच थांबून आधी आवाज ऐकायचा. घाई केलेली त्याला आवडत नसे. त्याच्या बापाने आईला पैसे हातात दिले होते, त्याने आपल्या बायकोला, व्हेराला हातात दिले होते, आणि व्हेरा कधी काही म्हणाली नव्हती. आज पहिल्यांदाच त्याच्या मनात आलं, की व्हेराला आपण कधी विचारलंच नव्हतं. त्याने खिडकीबाहेर पाहिलं. रस्त्यापलीकडे बँकेच्या दारातला बर्फ कोणीतरी फावड्याने ओढत होतं.

"बँक किती वाजता बंद होते?" त्याने विचारलं.

"आज बाराला," मॅक्सीन म्हणाली.

त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, उठला, कोटाची बटणं खालपासून वरपर्यंत लावली आणि टोपी घातली. मग लिओनापुढे उभा राहिला. आज उभं राहायची पाळी त्याची होती.

"तुझ्या खात्याचा नंबर?"

तिने तो पाठ म्हणून दाखवला. एकेक आकडा, सावकाश. तो मनाशी घोकत दाराकडे निघाला. अर्ध्या वाटेवर थांबला.

"शेवटचे दोन पुन्हा सांग."

तिने सांगितले. दार उघडलं, गार वारा आत आला, दार लागलं. खिडकीतून तो रस्ता ओलांडताना दिसला. ओठ हलत होते आणि बर्फ ओढणाऱ्याने काहीतरी विचारलं तरी तो थांबला नाही.

लिओनाने पिशवीतून रुमाल काढून नाक पुसलं. थंडीतून आल्यावर सगळ्यांचंच नाक वाहतं, पण ती येऊन तास झाला होता.

"लिही," ती म्हणाली. "कॉमन-लॉ."

मॅक्सीनने लिहिलं. पुढचे काही रकाने तिने न बोलता भरले. मग थांबली.

"मावशी, एक सांगायचं राहिलंच. ते अर्धं तुमच्याकडे आलं की तुमचा कप जरा वर येतो. तळाच्या त्या दोन बोटांच्या वर. तुम्हालाही कर बसेल. आजवर तुम्हाला कधी बसलेला नाही."

"मला? किती?"

"फार नाही. थोडासा."

"माझ्या नावाने?"

"तुमच्याच नावाने. तुमच्या नावाचं पत्र येईल ओटावाहून."

लिओनाने खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि चष्मा पुसायला घेतला.

"मग बसू दे की," ती म्हणाली. "कुठे लिहितेस ते दाखव मला."